वहीची झेरॉक्स

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी 26 वर्षांची, एमएस्सी गणित. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत दोनदा अडकली. दोन वर्षांपासून घरच्या सोप्यात पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा क्लास घेते. मुलं 22, फी महिना 600. तुम्ही एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. 'हा टाइमपास बंद करून पुन्हा एमपीएससीला बसायला सांगा, नाहीतर बीएड करून शिक्षिका तरी हो म्हणावं, क्लास काय संध्याकाळी चालूच राहील,' असं तुम्ही लिहिलंय. पुरावा म्हणून तिच्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्सही जोडलीत. 'अभ्यास सोडून पोरांची गाऱ्हाणी लिहीत बसते,' हे तुमचे शब्द.

ती गाऱ्हाणी मी वाचली. एका ओळीत लिहिलंय: 'खिडकीजवळचा. "कितीने जास्त" विचारलं की "जास्त" एवढंच दिसतं आणि बेरीज करतो. वजाबाकी येते. वाचायला शिकवणे.' त्याखाली: 'दोन वेण्या. 31 वा प्रश्न सोडला, गोल सोडला नाही. पुढचे नऊ गोल एकेक घर वर.' आणि दुसऱ्या पानाच्या तळाला: 'दाराजवळचा. आज पोट दुखतं म्हणाला. मागच्या शनिवारीही. शनिवारी सराव पेपर असतो. आईशी बोलणे, पेपरचं नाव न काढता.'

काका, याला गाऱ्हाणी म्हणत नाहीत. तुम्ही दर टप्प्याला उतारू मोजून वेबिल भरत होतात, तसं हे वेबिल आहे. कोण कुठे चढला, कुठे उतरायचा राहिला, सगळं त्यात आहे. शिष्यवृत्तीचा एक पेपर म्हणजे दीड तासात 75 प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. असे दोन पेपर. उत्तरपत्रिकेवर रंगवायचे नऊ गोल घसरले की 18 गुण गेले, आणि घरी मात्र 'पोरीचं गणित कच्चं' म्हणून तिला पुन्हा पाढ्यांना बसवतात. दहा वर्षांच्या मुलीचं गणित कच्चं की गोल घसरले, हे ओळखणारी माणसं तालुक्यात किती आहेत, मोजून बघा. बहुतेक क्लासांत सराव संचांचा गठ्ठा देतात, उत्तरं फळ्यावर लिहितात आणि बरोबर किती एवढंच विचारतात. पन्नास पेपर सोडवून मूल तीच चूक पन्नास वेळा पक्की करतं.

पत्रात मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. 'सोयरिकीला आलेले विचारतात मुलगी काय करते, तेव्हा क्लास घेते असं सांगायला लाज वाटते.' महिन्याला 13,200 रुपये घरात येतात, ते घेताना वाटत नाही ना? कडक बोललो, पण तुम्ही मुलीचा प्रश्न म्हणून पाठवलेलं पत्र खरं तर तुमच्या लाजेचं आहे. त्यावर एमपीएससी हे औषध नाही. आणि तिसरा अटेम्प्ट द्यायचा तर तिने स्वतःहून म्हणायला हवं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, वडिलांच्या आग्रहाखातर पानंच्या पानं लिहून होत नाहीत.

आता 'शिक्षिका होऊन संध्याकाळी क्लास' याबद्दल. हा गैरसमज इतका पसरलाय की सविस्तर सांगतो. एक तर ज्या वयाच्या मुलांना ती शिकवते त्या पहिली ते पाचवीच्या वर्गांना बीएड चालत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. तिथे डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. बीएड करून वरच्या वर्गांकडे जाता येईल, पण त्यापुढे टीईटी ही पात्रता परीक्षा, टेट ही अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट पाहणं आलंच. आणि हे सगळं जमून ती शाळेत रुजू झाली, तर शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 28 शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला मनाई करतं. म्हणजे नोकरी लागली त्या दिवशी सोप्यातली सतरंजी गुंडाळायची. 'सगळे घेतातच की,' असं तुम्ही म्हणाल. घेतात, मला माहीत आहे. तुम्ही इतक्या वर्षांत ओळखीच्या माणसाला बिनतिकीट बसवलंत का?

शाळेत शिकवायची तिची स्वतःची इच्छा असेल तर ती वाट चांगली आहे. क्लास हाच तिचा धंदा ठरत असेल तर मात्र मला काही गोष्टी तिला सांगायच्या आहेत. 22 ची 80 मुलं करायच्या मोहात पडू नको. ही वही 80 जणांची लिहून होत नाही. शिवाय केंद्राने जानेवारी 2024 मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 50 हून जास्त विद्यार्थी असले की ते कोचिंग धरलंय आणि 16 वर्षांखालच्यांना प्रवेश देऊ नये असं म्हटलंय. दारावर 'हमखास शिष्यवृत्ती'चा बोर्ड लावू नको. फी मात्र वाढव, 600 कमी आहेत.

एक बदलही लक्षात ठेवायला हवा. मी शिष्यवृत्तीची परीक्षा दिली तेव्हा ती चौथीला होती. 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेली आणि आता शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरवलंय. म्हणजे सोप्यात बसणारी मुलं वर्षाने लहान होणार. नऊ वर्षांच्या मुलाचं शनिवारी पोट दुखायला फार कारण लागत नाही. तिने चौथीची पुस्तकं आतापासून हाताशी घ्यावीत. नवोदयची तयारी करून घेते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेत असेल तर गणित आणि बुद्धिमत्तेचा बराच अभ्यास एकच आहे.

बाकी तिला काय हवंय ते मला माहीत नाही, कारण चार पानांच्या पत्रात तिचं एकही वाक्य नाही. जे आहे ते वहीतलं, आणि ते तिने मला पाठवलेलं नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. वहीची आणखी पानं पाठवावीशी वाटली, तर या वेळी आधी तिला विचारा.