वाचकांचे प्रश्न : व्हेडरला दरडावणारा म्हातारा

(मागच्या अंकात 'तुमचा आवडता खलनायक कोण?' असं विचारलं आणि निम्म्याहून जास्त पत्रं 'स्टार वॉर्स'वरच आली. त्यातल्या काहींना ही उत्तरं. मी हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग करतो. विंगेत उभं राहणाऱ्याची नजर बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे जास्त जाते, हे आधीच सांगून टाकतो.)

प्रश्न : डार्थ व्हेडरचा चेहरा दिसत नाही, डोळेही दिसत नाहीत. पहिल्या चित्रपटात तर तो फार वेळ नसतोही. मग एवढा दरारा येतो कुठून?

लोक मुखवट्याला श्रेय देतात. काही अंशी खरं आहे. राल्फ मॅक्वारीने तो काढला तेव्हा पटकथेच्या सुरुवातीच्या खर्ड्यात व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात उघड्या अवकाशातून जाणार होता, म्हणून त्याला श्वासाचं यंत्र हवं होतं. पुढे प्रसंग गेला, मुखवटा राहिला. त्या श्वासाचा आवाज बेन बर्टने पाण्याखाली पोहणाऱ्यांच्या श्वासयंत्रातल्या रेग्युलेटरमधून ध्वनिमुद्रित केला. शरीर डेव्हिड प्राउजचं, आवाज जेम्स अर्ल जोन्सचा, दुसऱ्या चित्रपटापासून तलवारीचे हात बॉब अँडरसनचे, आणि १९८३ मध्ये मुखवटा उतरला तेव्हा आतला चेहरा सेबॅस्टियन शॉचा. एका खलनायकासाठी चार माणसं राबली.

पण हे सगळं असूनही व्हेडर फुसका ठरला असता, जर त्याच्या आजूबाजूचे घाबरले नसते. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) पुन्हा पाहा आणि या वेळी व्हेडरकडे पाहूच नका, पिएटकडे पाहा. अ‍ॅडमिरल ओझेल चुकतो. व्हेडर पडद्यावरूनच त्याचा गळा आवळतो आणि शेजारी ताठ उभ्या असलेल्या कॅप्टन पिएटला तिथल्या तिथे अ‍ॅडमिरल करतो. बाजूला एक माणूस तडफडतोय आणि याला बढती मिळतेय! केनेथ कॉलीने त्या क्षणी चेहऱ्यावर जे केलंय, त्यात आभार, घाबरगुंडी आणि 'आता माझी पाळी कधी' हे तिन्ही आहे. पुढे कॅप्टन नीडा माफी मागायला जातो आणि माफी मिळते ती मेल्यावर. चित्रपटाच्या शेवटी बंडखोरांचं यान 'मिलेनियम फाल्कन' हातातून निसटतं, सगळ्या टेहळणी कक्षाचा श्वास अडकतो, आणि व्हेडर एक शब्द न बोलता पिएटसमोरून निघून जातो. माझ्या मते त्याचा सगळ्यात भीतिदायक प्रसंग हाच. कारण आता त्याचं लक्ष मारण्यातही उरलेलं नाही.

प्रश्न : बोबा फेट करतो काय? काहीच नाही. तरी माझे मित्र त्याच्यावर जीव टाकतात.

१९८० च्या चित्रपटात त्याला मोजून चार वाक्यं आहेत. पण इनामासाठी माणसं पकडणाऱ्या भाडोत्री शिकाऱ्यांच्या रांगेत तो उभा असताना व्हेडर त्याच्यापुढे थांबतो, बोट रोखतो आणि 'कुणाची राख करायची नाही' अशी तंबी देतो. ज्याला खुद्द व्हेडरला आवरावं लागतं, त्याने आधी काय केलं असेल? एवढं एक बोट पुरलं, बाकीचं प्रेक्षकांनी मनात रंगवलं. पुढे त्याची स्वतंत्र मालिका आली, शिरस्त्राण उतरलं, तो बोलू लागला, समजूतदारही झाला. तुमच्या मित्रांना विचारा, मालिकेनंतर प्रेम वाढलं का?

प्रश्न : आमचा मुलगा दिवसभर डार्थ मॉल होऊन काठी फिरवतो. काळजी करावी का?

फुलदाण्यांची करा. लाल-काळा चेहरा, शिंगं आणि दोन्ही टोकांनी पेटणारा लाइटसेबर (प्रकाशाची तलवार), एवढं असल्यावर त्या वयात दुसरं काही आवडलं तर आश्चर्य.

प्रश्न : तुमचा स्वतःचा आवडता कोण? 'सगळेच' असं उत्तर नको.

ग्रँड मॉफ टार्किन, साम्राज्याचा एक बडा अधिकारी. लाल तलवार नाही, मुखवटा नाही, कसली शक्ती नाही. १९७७ च्या चित्रपटातली ती बैठक आठवा. मोट्टी नावाचा अधिकारी व्हेडरच्या श्रद्धेची टिंगल करतो, व्हेडर दुरूनच त्याचा गळा आवळतो, सगळे गोठतात. टार्किन मात्र वैतागतो. बैठक लांबतेय म्हणून वैतागावं तसा! त्याला सोड, असं सांगतो आणि व्हेडर 'जशी आपली इच्छा' म्हणून सोडतो. पुढच्या चित्रपटांत सम्राटाखेरीज व्हेडरशी असं बोलण्याची कुणाची छाती नाही.

मग आल्डरान, कैदेतल्या बंडखोर राजकन्या लियाचा ग्रह. बंडखोरांचा तळ कुठे आहे ते सांग, नाहीतर हा ग्रह उडवतो, अशी टार्किनची धमकी. लिया दुसऱ्या ग्रहाचं नाव सांगते, म्हणजे त्याला हवी होती ती माहिती मिळाली (खोटी का होईना, पण ते त्याला अजून माहीत नाही). तरीही तो आल्डरान उडवायला सांगतो, कारण तळ असलेला ग्रह फार दूर आहे आणि जरब बसवायला जवळचा बरा. राग नाही, सूड नाही. पीटर कुशिंगने हे सगळं अत्यंत सभ्य आवाजात केलंय. गणवेशाचे बूट त्याला इतके घट्ट होत होते की पाय दिसत नसतील त्या दृश्यांत तो सपाता घालून उभा राहायचा. हे कळल्यापासून मला टार्किन विनोदी वाटायला हवा होता, पण सपातांत उभं राहून ग्रह उडवणारा माणूस जास्तच खरा वाटतो.

प्रश्न : पॅल्पटीनचं सगळंच आधीपासून ठरलेलं असतं. असा खलनायक कंटाळवाणा नाही का?

२०१९ च्या चित्रपटात हा सम्राट परत उगवतो, तिथे तुमचं म्हणणं बिनशर्त मान्य. पण १९९९ ते २००५ मधल्या तीन चित्रपटांतला पॅल्पटीन वेगळा. तो सत्ता बळकावत नाही, मागूनही घेत नाही, लोक ती आणून देतात. आणीबाणीचे अधिकार त्याला मिळावेत हा प्रस्ताव मांडतो कोण, तर सभागृहातला भाबडा प्रतिनिधी जार जार. साम्राज्याची घोषणा होते तेव्हा सभागृह टाळ्या वाजवतं. आणि पुढे व्हेडर होणाऱ्या अ‍ॅनाकिनला फितवतो ते तलवार रोखून नव्हे, नाट्यगृहात शेजारी बसून, एक जुनी गोष्ट सांगत. इयन मॅकडार्मिडने १९८३ मध्ये जख्ख म्हातारा सम्राट केला तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता. सोळा वर्षांनी त्याच माणसाची तरुण आवृत्ती करायला तो परतला, तोवर स्वतःचं वय भूमिकेला साजेसं झालं होतं.

प्रश्न : 'अँडॉर' मालिकेतली डेड्रा मिरो आणि सिरिल कार्न यांच्याकडे कसलीच जादू नाही. मग तीच दोघं जास्त का झोंबतात?

कारण सिरिलने गणवेश शिंप्याकडून थोडा बेतून घेतलाय आणि वरिष्ठाच्या ते लगेच लक्षात येतं. अशा माणसाबरोबर आपण काम केलेलं असतं. डेड्राचं तर लेखकांनी फार धूर्तपणे केलंय. सुरक्षा विभागाच्या बैठकांत विखुरलेल्या चोऱ्यांमागचा दुवा तिला एकटीला दिसतो. वरचढ सहकारी तिला दाबू पाहतात, ती पुराव्यानिशी बोलते, आणि वरिष्ठ पार्टागाझ तिची बाजू घेतो तेव्हा आपण खूश होतो. मग काही भागांनी ती अँडॉरच्या मैत्रिणीला, बिक्सला, खुर्चीत बांधून चौकशीला बसते, तोच नेमका, शांत, तयारी करून आलेला सूर लावून. ती बदललेली नसते. बैठकीत जिचं कौतुक केलं तीच ही बाई, तेच गुण.

थ्रॉनबद्दल लिहिणाऱ्यांनी रागावू नये. पडद्यावरच्या थ्रॉनवर थोडक्यात बोलणं अन्यायाचं होईल, त्याआधी तो जिच्यात पहिल्यांदा आला ती १९९१ ची कादंबरी पुन्हा काढून बसायचं आहे. पुढच्या अंकात.