लग्नपत्रिकेवर वळणदार हस्ताक्षराचा फॉन्ट

ताई, बहिणीच्या पत्रिकेचं इंग्रजी पान तुम्ही नाजूक स्क्रिप्ट फॉन्टमध्ये केलंय आणि अख्खं मराठी पानही 'अगदी तसंच' हवंय, असं लिहिलंत. गिरगावात कांदेवाडीतल्या पत्रिकांच्या दुकानांसाठी मी बरीच वर्षं डीटीपी केलंय. 'तसंच' शोधू नका.

इंग्रजी स्क्रिप्टचा डौल टोकदार निबातून आलाय. खाली येताना दाब दिला की रेघ जाड, वर जाताना केसासारखी बारीक, आणि अक्षरं पायाशी एकमेकांत गुंततात. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात. त्यांचं जाड-बारीक बोरूच्या लेखणीच्या तिरक्या कापातून येतं, आणि तो काप रोमन अक्षरांच्या कटनिबापेक्षा, म्हणजे चपट्या टोकाच्या निबापेक्षा, उलट्या दिशेचा. त्यामुळे देवनागरी नुसती उजवीकडे कलवून तिला शेपट्या जोडल्या की ते वळण उसनं दिसतं. लपेटीदार लिहिण्याची आपली स्वतःची रीत आहे, मोडी: आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून केलेलं सुलेखन एकदा निवांत बघा, मग फॉन्ट निवडताना तुमची नजर आपोआप वेगळी होईल.

'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'जैनी' फॉन्ट लावून पाहा. जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितातल्या अक्षरांवरून केलेला आहे, बोरूचा भरदार ठसा आहे आणि मोफत मिळतो. 'कलम' हा फॉन्ट हळदीच्या निमंत्रणाला छान, घरच्या कुणी हाताने लिहिल्यासारखा. वधूवरांच्या नावांना मात्र फार साधा पडतो.

आणि हे वळण फक्त नावांपुरतं ठेवा, फार तर वर 'शुभविवाह'. मुहूर्त, स्थळ, निमंत्रकांची नावं 'मुक्ता'सारख्या सरळ फॉन्टमध्ये, ११-१२ पॉइंट. मुहूर्त १२.२५ आहे की १२.३५, हे आजोबांना एका नजरेत कळलं पाहिजे.

नावं आधी टाइप करून बघा. 'ऱ्ह', 'ळ', 'श्र', 'ज्ञ' नीट येतात का? माझ्या हातून एकदा आडनावातला 'ऱ्हे' तुटलेला तसाच छापला गेला आणि सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. ते अजून मनाला लागतं. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी पानावरची नावंही सगळी कॅपिटलमध्ये नकोत, त्या फॉन्टमध्ये ती वाचताच येत नाहीत.

सोनेरी फॉइल करणार असाल तर कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं वेल्ड करून, म्हणजे जोडून एकसंध करून घ्या, नाहीतर आउटलाइन दिली की प्रत्येक जोडावर रेघ उमटते. खरखरीत कागदावर बारीक रेघा उडतात, 'भ' आणि 'ध'च्या गाठी भरून जातात. म्हणून त्याच कागदावर एक नमुना मागून घ्या, स्क्रीनवर बघून होकार देऊ नका.

नावांत कोणती जोडाक्षरं आहेत तेवढं कळवा, 'जैनी'त लावून बघतो.