फंक्शनचं नाव आणि त्याचं उत्तर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या ऑर्डर सिस्टिममध्ये 'चेक_क्रेडिट' नावाचं फंक्शन आहे. ते ट्रू देतं तेव्हा ऑर्डर सोडायची की अडवायची, हे दर वेळी आतला कोड उघडून पाहावं लागतं. नाव काय ठेवावं?

'चेक'मधून एवढंच कळतं की काहीतरी तपासलं. ट्रू म्हणजे 'उधारीची मर्यादा अजून शिल्लक आहे' की 'मर्यादा ओलांडली', याचा पत्ता लागत नाही. हो-नाही उत्तर देणाऱ्या फंक्शनचं नाव 'इफ'पुढे ठेवून वाचा. तिथे सरळ वाक्य तयार झालं पाहिजे: 'इफ इज_ओव्हर_क्रेडिट_लिमिट'. 'ओव्हर' लिहिलंत तर तुलनाही काटेकोर हवी. थकबाकी आणि ऑर्डर मिळून बरोबर मर्यादेइतकी झाली, तर ती ओलांडलेली नाही. 'इज_नॉट_ब्लॉक्ड' अशी नकारार्थी नावं टाळा. त्यापुढे कधीतरी आणखी एक 'नॉट' लागतंच आणि वाचणारा अडखळतो.

हे फंक्शन आतल्या आत ग्राहकाला 'होल्ड'वर टाकतं का, तेही बघून घ्या. 'चेक' नावाखाली असली कामं बरीच दडलेली असतात. कुणी स्क्रीनवर नुसती लाल खूण दाखवायला ते कॉल करतं आणि ग्राहकाची ऑर्डर अडकते. विचारणाऱ्या फंक्शनने काही बदलू नये. संगणकतज्ज्ञ बर्ट्रांड मेयर यांनी हाच नियम 'कमांड-क्वेरी सेपरेशन' म्हणून मांडला. होल्डवर टाकायचं काम 'प्लेस_ऑन_होल्ड'मध्ये वेगळं काढा. मंजूर, नामंजूर आणि 'साहेबांकडे पाठवा' अशी तीन उत्तरं लागत असतील, तर बूलियन (फक्त ट्रू किंवा फॉल्स) सोडून ईनम (ठरावीक नावांची यादी) घ्या. बूलियनमध्ये नल (रिकामी किंमत) घुसवून तिसरं उत्तर काढू नका.

बदल करताना जुन्या नावाचा अर्थ कधीही उलटवू नका. दोन्हीकडे बूलियनच असल्यामुळे कंपायलर चकार शब्द काढणार नाही. नवं फंक्शन लिहा, जुन्याला त्याच्यावरून उत्तर काढू द्या, मग एकेक कॉल हलवा. रिपोर्ट आणि कॉन्फिगरेशन फाइल्समध्ये फंक्शनचं नाव नुसत्या मजकुरासारखं लिहिलेलं असू शकतं. तिथे वेगळा शोध घ्या.

प्रश्न: काम यशस्वी झालं तर 0 द्यावा की 1?

दोन्ही रीती जुन्या आहेत. युनिक्समध्ये प्रोग्राम नीट संपला की एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा) 0; सॅप या व्यवसाय-सॉफ्टवेअरच्या अबॅप भाषेत बहुतेक कमांडनंतर 'एसवाय-सबआरसी' हा निकालाचा आकडा 0 म्हणजे सगळं ठीक. यश एकाच प्रकारचं, अपयशाची कारणं अनेक, म्हणून ही सोय. पण सी भाषेत 0 म्हणजे फॉल्स. मग 'इफ पोस्ट_इन्व्हॉइस' असं लिहिलं की अर्थ नेमका उलटा होतो. म्हणून आकडा उघडा ठेवूच नका, त्याला नाव द्या.

कोबोल भाषेत 88 लेव्हल (किमतीला नाव देणारी ओळ) त्यासाठीच आहे. फाइल स्टेटसच्या (फाइलचं काम कसं झालं ते सांगणाऱ्या कोडच्या) खाली लिहा:

88 फाइल-ओके व्हॅल्यू '00' '02'.
88 रेकॉर्ड-नॉट-फाउंड व्हॅल्यू '23'.

यातला '02' हमखास विसरला जातो. पर्यायी की (रेकॉर्ड शोधायचं दुसरं फील्ड) दुबार चालत असेल, तर तोही यशाचाच कोड आहे. फक्त '00'शी तुलना करणारा प्रोग्राम चांगलं रेकॉर्डही चुकीचं ठरवतो. नाव एका जागी असलं की दुरुस्तीही एकाच ओळीत उरकते.

प्रश्न: 'गेट' आणि 'फाइंड' यांत फरक करावा का?

करावा, आणि सगळ्या टीमने एकच पाळावा. 'गेट_प्राइस': किंमत असलीच पाहिजे, नसेल तर एक्सेप्शन (काम तिथेच थांबवणारी चूक). 'फाइंड_प्राइस': नसूही शकते, म्हणून जावात 'ऑप्शनल' (किंमत असलेला किंवा रिकामा डबा) परत करा. किंमत सापडली नाही म्हणून 0 देणं सर्वांत घातक. बिल बिनबोभाट फुकटात निघतं. -1 दिला तर तो बेरजेत मिसळतो आणि एकूण रक्कम एकाने कमी होते, जे शोधणं त्याहून कटकटीचं.

प्रश्न: 'गेट_डिस्काउंट' 15 देतं. यात काय खटकतं?

15 टक्के की 15ची सूट, हे नावावरून कळत नाही. दुसऱ्या कुणी 0.15 धरून गुणाकार केला तर सूट किमतीच्या पंधरापट होते. 'डिस्काउंट_पर्सेंट' म्हणजे 15, 'डिस्काउंट_रेट' म्हणजे 0.15, 'डिस्काउंट_अमाउंट' म्हणजे रक्कम. दिवसांचंही तसंच: 'लीड_टाइम_डेज' (माल यायला लागणारे दिवस) पुरेसं नाही, 'लीड_टाइम_वर्किंग_डेज' लिहा. शनिवार-रविवार धरायचे की नाही, हे कॉल करणाऱ्याला नावातच कळलं पाहिजे.