नोकरी नाही, पण घर भाड्यानं हवंय?

भाऊ, घरमालक पहिला प्रश्न हाच विचारणार, 'कुठं कामाला आहात?' तिथं खोटं बोलू नकोस. २०२१ मध्ये वाळूजच्या कारखान्यांच्या भागातली नोकरी गेली तेव्हा मी संभाजीनगरच्या गारखेड्यात खोली बघत होतो. दोन घरांतून नकार आला. तिसऱ्या घरी मी बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि एफडीची पावती सरळ काकूंच्या पुढं ठेवली. काकूंनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला, मग विचारलं, "जेवणाचं काय करता?" खोली मिळाली.

तीन महिन्यांचं भाडं आगाऊ देतो म्हण, पण पावती घेतल्याशिवाय रुपया सोडू नकोस. भाडं शक्यतो ऑनलाइनच दे. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी हवीच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकावर टाकलीय. करारात लॉक-इनची, म्हणजे ठरावीक महिने घर सोडता येणार नाही अशी अट असेल तर ती काढून घे. उद्या पुण्याला नोकरी लागली तर एक महिन्याच्या नोटिशीवर निघता आलं पाहिजे.

आणि पाण्याचं विचारच! आपल्याकडं नळाला किती दिवसांआड पाणी येतं, बोअर उन्हाळ्यात टिकतो का, टँकरचे पैसे कोण देतं, हे शेजाऱ्यांना विचार. मी नव्हतं विचारलं. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या वर्गणीनं माझी शिल्लक भराभर खाल्ली. भाडं ठरवताना हा खर्च धरूनच बचत किती महिने पुरेल ते मोज.