टेडीचा कारखाना बघताना कुठे थांबायचं?

प्रश्न : ताई, जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे बॉस्टनला जातोय. सूनबाईंनी व्हरमाँटमधला टेडी बेअरचा कारखाना दाखवायचा बेत केलाय. नात सहा वर्षांची आहे, ती खूश. पण जाऊन-येऊन सात तास गाडीत बसायचं आणि बघायचं काय, तर खेळणी? ह्यांचे गुडघेही दुखतात. जावं का?
– एक आजी, नाशिक

उत्तर : जा, आजी. फक्त एका दिवसात परतायचा हट्ट धरू नका. व्हरमाँटमधल्याच बर्लिंग्टन शहरात एक रात्र राहा. गुडघे दुवा देतील. बॉस्टनहून निघालं की न्यू हॅम्पशर ओलांडून डोंगराडोंगरातून रस्ता जातो. वाटेत वॉटरबरीला बेन अँड जेरीज आइस्क्रीमचा कारखाना लागतो, तिथे ह्यांना बसवा. अस्वलांचा कारखाना शेलबर्न गावात आहे, बर्लिंग्टनच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर.

माझी लेक त्या भागात राहते आणि मी ठाण्यात वर्षानुवर्षं सॉफ्ट टॉइजचे क्लास घेतले. त्यामुळे मी तिथे गेले ती परीक्षकाच्या नजरेने, हे आधीच सांगते.

कंपनीची गोष्ट गाइड रंगवून सांगतात. जॉन सॉर्टिनो नावाच्या गृहस्थांनी पाहिलं की आपल्या मुलाची सगळी अस्वलं परदेशात बनलेली आहेत. मग 1981 मध्ये त्यांनी स्वतःच एक शिवलं. पुढे बर्लिंग्टनच्या चर्च स्ट्रीटवर हातगाडी लावून विकायला सुरुवात केली. 1990 पासून खोक्यात घालून, संदेशासह अस्वल घरपोच पाठवायची ‘बेअर-ग्रॅम’ची टूम निघाली आणि धंद्याने उडी घेतली. त्या खोक्याला एक भोक असतं, अस्वलाला श्वास घेता यावा म्हणून! 1995 पासून कारखाना शेलबर्नमध्ये आहे. एवढं ऐकून घ्या आणि नजर मात्र कामगारांच्या हातांवर ठेवा.

सुरुवात फरच्या ताग्यांपासून होते. फरला लव असते आणि ती अस्वलाच्या अंगावर वरून खाली उतरली पाहिजे, नाहीतर कुरवाळताना हात अडतो. घरी आपण उलट्या बाजूने, कात्रीच्या टोकाने फक्त पाठचं कापड कापतो, म्हणजे लव तुटत नाही. कारखान्यात थर रचून पोलादी साच्याने एका दाबात तुकडे पाडतात. हाताचे, पायाचे, कानाचे तुकडे उजवे-डावे असे जोडीने लागतात. उलट बाजूने शिवण झाली की उशीचा अभ्रा सुलटवावा तसं सगळं सुलट करायचं. नातीला हे दाखवा : त्या क्षणापर्यंत ती नुसती कापडाची पिशवी असते, सुलटली की कान दिसतात.

डोळे भरणीच्या आधी बसतात. डोळ्याचा दांडा कापडातून आत घालून मागून चकती दाबून घट्ट करतात. ती चकती मग सहजी निघत नाही. हात-पाय फिरावेत म्हणून आत सांध्याच्या चकत्या असतात. साध्या स्वस्त टेडीत हात-पाय नुसते शिवलेले असतात, म्हणून ते फिरत नाहीत. भरणी यंत्राच्या नळीतून हवेच्या झोताने होते, पण किती भरायचं हे यंत्राला कळत नाही. ते बाई अंगठ्याने दाबून ठरवते. शेवटी पाठीवरची फट हाताने शिवून बंद करतात आणि टाक्यात अडकलेली लव ब्रशने बाहेर ओढतात. चांगल्या अस्वलाची शिवण त्यामुळेच सापडत नाही.

टूर साधारण अर्ध्या तासाची आहे आणि बराच वेळ उभंच राहावं लागतं. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. शिवणयंत्रं चालू बघायची असतील तर शनिवार-रविवार टाळलेला बरा. कारखान्यात गेलं आणि कामगार सुट्टीवर, यापरता विरस नाही.

आता माझी खरी शिफारस. टूरमध्ये ‘अस्वलांचं इस्पितळ’ येतं. लोक तिथे फोटो काढून पुढे सरकतात. तुम्ही थांबा. कंपनी आपल्या अस्वलांना आयुष्यभराची हमी देते. फाटलं, कुत्र्याने चावलं, तरी दुरुस्त करून देते आणि दुरुस्त होणार नसेल तर बदलून. वस्तू कशी बनलीय हे ती कुठे मोडते त्यावरून कळतं. टेडी मानेशी आणि काखेत उसवतो, कारण मुलं त्याला हाताला धरून फरफटवतात. नाक झिजतं ते पाप्या घेऊन. नव्या अस्वलांच्या रांगेतून हे काही समजत नाही. मला विचाराल तर इस्पितळ आधी दाखवावं आणि कारखाना नंतर, पण त्या लोकांना ते परवडणार नाही.

कारण टूर संपते दुकानात. तिथे मुलांना आपलं अस्वल भरून घेता येतं, ते जरूर करू द्या. अस्वल एकदाच घेतलं जातं, कपड्यांचा मात्र अंत नाही : डॉक्टर, अग्निशामक, नवरी. खर्चाची मर्यादा नातीला गाडीतच सांगून ठेवा. या वेशभूषांच्या हौसेपायी कंपनी एकदा अडचणीतही आली होती. 2005 च्या व्हॅलेंटाइन डेला त्यांनी मनोरुग्णांचे हात बांधायचा अंगरखा घातलेलं अस्वल काढलं, ‘तुझ्यासाठी वेडा’ अशा अर्थाचं. मानसिक आजारांसाठी काम करणाऱ्या संघटना संतापल्या आणि ते योग्यच होतं. कंपनीने मात्र तेव्हा ते लगेच मागे घेतलं नाही.

ह्यांना कंटाळा आला तर जवळच शेलबर्न म्युझियम आहे. तिथे तिकोंडेरोगा नावाची आख्खी आगबोट माळावर उभी आहे. ती 1955 मध्ये तळ्यातून जमिनीवरून ओढत आणली. पुरुषमंडळी तिथे रमतात.

प्रश्न : ताई, आम्ही जर्मनीत उल्मला असतो. जवळच गींगनला श्टाइफ या खेळण्यांच्या कंपनीचं टेडी म्युझियम आहे. मुलगा दहा वर्षांचा, म्हणतो टेडी बाळांचे असतात. नेऊ का?
– उल्महून एक आई

उत्तर : ने गं. उल्महून रेल्वेने जेमतेम अर्धा तास. पण मुलाला ‘टेडी बघायला’ असं सांगू नकोस, ‘काचेचा कारखाना बघायला’ सांग. श्टाइफने 1903 मध्ये लोखंडी सांगाडा आणि चहूबाजूंनी दुहेरी काचेच्या भिंती अशी इमारत उभारली, शिवणाऱ्यांना भरपूर उजेड मिळावा म्हणून. आधुनिक वास्तुकलेचं नाव निघालं की ज्या बाउहाउसचा उल्लेख होतो, ती जर्मन कलाशाळाच त्यानंतरची, 1919 ची. आत इतक्या मुली कामाला होत्या की गावकरी त्या इमारतीला ‘कुमारिकांचं मत्स्यालय’ म्हणायचे.

दुसरी गोष्ट कंपनी काढणाऱ्या मार्गारेटे श्टाइफ यांची. जन्म 1847, दीड वर्षाच्या असताना पोलिओ. दोन्ही पाय गेले, उजवा हातही अधू. शिवणयंत्राचं चाक उजव्या हाताने फिरवणं जमेना, म्हणून त्यांनी यंत्रच उलटं फिरवून ठेवलं. 1880 मध्ये टाचण्या खोचायला कापडाचा हत्ती शिवला, तो मुलांनीच खेळायला पळवला. अस्वल त्यांच्या पुतण्याचं, रिचर्डचं. 1902 चं ‘55 पीबी’ : 55 सेंटिमीटर, प्लश म्हणजे लवदार कापड, हलणारे अवयव. पुढच्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने तीन हजार नग मागवले. त्यातलं एकही आज कुणाकडे सापडत नाही, हे ऐकून दहा वर्षांच्या मुलाचे कान नक्की टवकारतील.

व्हरमाँटसारखी चालू कारखान्यातली फेरी इथे नाही, म्युझियम आहे. 2005 मध्ये उघडलं. पण आत काम करून दाखवणारा विभाग आहे, तिथे वेळ काढ. कानातलं बटण ही 1904 पासूनची खूण, ते तपासून बघायला लाव त्याला.

प्रश्न : ताई, मी घरी टेडी शिवते आणि बचत गटाच्या प्रदर्शनात विकते. एका गिऱ्हाइकाच्या बाळाने डोळा उपटला. डोळे शिवावेत की चिकटवावेत?
– सांगली

उत्तर : चिकटवू नकाच. तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर प्लास्टिकचा डोळाही नको. जाड दोऱ्याने भरतकामाचा डोळा काढा, तो गिळता येत नाही. मोठ्या मुलांसाठी चकतीवाला डोळा, भरणीच्या आधी, आणि बसवल्यावर स्वतः जोर लावून ओढून बघा. तुमच्या हातात निघाला तर बाळाच्या हातात निघणारच. फर सैल विणीची असेल तर आतून कापडाचा छोटा तुकडा लावा, म्हणजे भोक फाकत नाही.

आणखी एक. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. पुढच्या प्रदर्शनाआधी तुमची नोंदणी त्यात बसते का ते विचारून घ्या, आणि ओळखपत्राची प्रत टेबलावर ठेवा.