फूल पाठ फिरवतं तेव्हा
(वाचकांचे प्रश्न, बागेतली उत्तरं)

प्रश्न : मुलुंडला चौथ्या मजल्यावर आमची पूर्वेकडची गॅलरी आहे. गेल्या थंडीत ग्रिलमध्ये सूर्यफुलाची तीन रोपं लावली. फुलं आली, पण तिन्ही बाहेर तोंड करून. घरातून नुसती पाठ दिसायची. कुंड्या फिरवून पाहिल्या, तर देठ वाकडे झाले. दाणे निम्म्याहून जास्त पोचट निघाले आणि जे भरले होते ते एका सकाळी पोपटांनी संपवले. नात फार रडली. या वर्षी नायलॉनची जाळी लावू का?

उत्तर : जाळी नको, हे आधी सांगते. तुमची फुलं जानेवारीत उमलणार, म्हणजे ऐन संक्रांतीत. त्या दिवसांत मांजानेच कितीतरी पाखरं जायबंदी होतात, त्यात आपल्या ग्रिलमध्ये नायलॉनचा आणखी एक सापळा कशाला? पोपटाचा पाय अडकला की तो सुटायची धडपड करतो आणि जास्तच गुरफटतो. नातीसाठी दाणे राखायची सोपी वाट पुढे सांगते.

कळी कोवळी असते तोवर शेंडा दिवसभर उन्हामागे वळतो आणि रात्रीत पुन्हा पूर्वेला येतो. देठाची एक बाजू दिवसा जास्त वाढते, दुसरी रात्री, म्हणून हे वळणं. फूल पुरतं उमललं की देठाची वाढ थांबते आणि ते पूर्वेला तोंड करून कायमचं उभं राहतं. सकाळचं ऊन थेट तबकावर, म्हणजे फुलाच्या मधल्या गोल चकतीवर पडतं, तबक लवकर ऊबदार होतं आणि अशा फुलावर मधमाश्या जास्त येतात. तुमच्या गॅलरीत उजेडही तिकडूनच, तेव्हा फुलं बाहेरच बघणार. कळी धरल्यावर कुंडी हलवू नका.

आणि पाठ दिसते म्हणून खंत करू नका. दाणा कधी तयार झाला हे फुलाची पाठच सांगते. माझ्या पार्ल्याच्या गच्चीवर मी रोज सकाळी तीच बघते. आधी ती कच्च्या कैरीसारखी हिरवी, बोटाने दाबली तर गच्च. पाकळ्या गळल्या की देठाजवळ फिकट होते, मग पिकल्या लिंबासारखी पिवळी, आणि कडेची हिरवी पानं तपकिरी व्हायला लागली की दाणा भरला. उमलल्यापासून साधारण महिनाभर धरा. नातीला हे रंग ओळखायला शिकवा. समोरून फूल बघणाऱ्याला हे कधी कळत नाही.

आता पोचट दाण्यांचं. तबक म्हणजे शेकडो बारीक फुलं, प्रत्येक फुलाचा एक दाणा. ती कडेकडून आत उमलत जातात, आठवडाभर तरी. दुसऱ्या रोपाचे परागकण मिळाले तर दाणा चांगला भरतो, आणि चौथ्या मजल्यावर मधमाश्या कमीच फिरकतात. शेतकरी यावर जे करतात तेच करा : हाताला तलम कापड गुंडाळून सकाळी सात ते अकराच्या दरम्यान एका तबकावरून हलकेच हात फिरवायचा, मग दुसऱ्यावरून. एक दिवसाआड, फुलोरा असेपर्यंत. मी जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा वापरते, दोन फुलांतच तो हळदीसारखा पिवळा होतो. तिन्ही रोपं मात्र एकाच दिवशी पेरा, म्हणजे एकदम फुलतील. बिनपरागाची शोभेची जात घेऊ नका.

पेरणीला ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह धरा. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंतचे हे दिवस. तोवर आपल्याकडचा पाऊस सरलेला असतो. बी थेट बारा-चौदा इंची कुंडीत टोका, सोटमुळाला जागा बदललेली सोसत नाही. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर ते औषध चोळलेलं असतं. हात धुवा, आणि उरलेलं बी पाखरांना कधीही घालू नका. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, दिसला तर कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. ज्या फुलाचे दाणे पाखरं खाणार, त्यावर विषारी फवारा मारायचाच नाही.

वाटणी अशी करा. पाकळ्या सुकल्या की एका फुलाला पातळ सुती पिशवी सैल बांधा, ते नातीचं. प्लॅस्टिकची नको, आत बुरशी धरते. उरलेली दोन उघडी ठेवा आणि पोपट आले की नातीला हळूच पडद्याआड उभं करा. पोपट तबकाच्या कडेला उलटा लटकतो, एक दाणा उपसतो, जिभेने चोचीत फिरवून आडवा करतो आणि साल दोन शकलांत खाली पडतं. हे तिने एकदा जवळून पाहिलं तर पुढच्या वर्षी ती दोन नाही, चार फुलं त्यांच्यासाठी मागेल, अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : गिरगावात चाळीत राहतो. सूर्यफुलाचे दाणे कठड्यावर पसरून ठेवतो, पण कबुतरंच येतात. शेजारच्या आजींना दमा आहे, त्यामुळे बोलाचाली झाली.

उत्तर : आजींचं म्हणणं खरं आहे. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुप्फुसांना अपाय करते. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, त्यामागे हीच चिंता होती. कठड्यावर दाणे पसरणं आजच बंद करा आणि आजींना तसं स्वतः जाऊन सांगा. त्याऐवजी वाळलेलं अख्खं तबक सुतळीने उभं टांगा. पोपट त्याला लटकून खातात, खारही येईल. कबुतराला बसून टिपायची सवय, लटकणं त्याला जमत नाही. माझ्याकडे टांगलेल्या तबकावर एकही टिकलं नाही. खाली जुनं सूप ठेवा, नाहीतर सालं खालच्या बिऱ्हाडाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतील. सांडलेले दाणे संध्याकाळी उचला.

प्रश्न : दुकानातल्या भाजलेल्या खाऱ्या बिया चालतील का?

उत्तर : नाही. मीठ पाखरांना बाधतं. बिनमिठाच्या कच्च्या बिया चालतील, त्याही मूठभरच. सोबत उथळ मातीच्या परळात पाणी ठेवा, ते रोज ओतून परळ घासा. आपल्या शहरात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.