शेडचे स्क्रू आणि पाण्याची नळी

मोरजीत, समुद्राच्या तोंडावर शेड घालतोयस, तर ते पिवळे चकचकीत स्क्रू घेऊच नकोस. खारा वारा त्यांना खातो. खांब-वाशांना हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) बोल्ट घे, लाकडाला टेकणाऱ्या बाजूंना रुंद वॉशर. परवडलं तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील. ३०४ ग्रेडवर तिथे तांबूस डाग येतात.

पत्र्याचा स्क्रू रबरी वॉशर जरासा दबेल इतकाच आवळ. मी पहिल्यांदा जोर लावून पिळले, रबर फाटलं आणि जूनमध्ये बरोब्बर स्क्रूंखाली बादल्या मांडल्या!

लेव्हलला लेझर कशाला? पारदर्शक नळीत पाणी भर, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. आत बुडबुडा राहिला तर नळी चक्क खोटं बोलते. खांबाला ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावशील तो लगतच्या दोन्ही बाजूंनी. काटकोनाला ६-८-१० फूट: एका बाजूवर ६, दुसरीवर ८ मोज, तिरकं अंतर १० आलं की कोन बरोबर.